शिवण आणि वाचन : रात्रीच्या एका तासात दोन्ही छंद कसे जपावेत?

पंचगंगा :

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात राहते आणि एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. संध्याकाळी घरी आल्यावर स्वयंपाक, जेवणे आणि मागची आवराआवर उरकेपर्यंत नऊ वाजतात, आणि त्यानंतरचा तास-सव्वा तास तेवढा माझा स्वतःचा असतो. त्या एका तासावर माझ्या दोन आवडींचा सारखाच हक्क आहे. पहिली आवड शिवणाची. लग्नाआधी मी शिवणाचा वर्ग पूर्ण केला होता, आणि आईने तेव्हा दिलेले पायमशीन आजही खिडकीपाशी आहे. दुसरी आवड वाचनाची. १८५० साली सुरू झालेल्या करवीर नगर वाचन मंदिराची मी सभासद आहे, आणि तिथून आणलेले पुस्तक रात्री पहिल्यांदा उघडताना दिवसभराचा शीण उतरतो.

अडचण अशी आहे की, शिवायला बसले की पुस्तक परत करायची तारीख उलटून जाते, आणि पुस्तकात गुंतले की मशीनवरचे आच्छादन महिना-महिना निघत नाही. दोन्ही एकाच वेळी साधेल असे वाटून मागच्या महिन्यात मी मोबाइलवर एक कादंबरी लावून भाचीच्या कुर्त्याचे कापड बेतायला घेतले. छापील कापड एकपदरी पसरले होते. एक बाही कापून झाल्यावर कागदी नमुना उलटा ठेवायला हवा होता, तो कादंबरीच्या नादात तसाच सरळ ठेवला गेला आणि दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या. तेवढे कापड दुकानात पुन्हा मिळाले नाही, त्यामुळे तो कुर्ता अखेर बिनबाह्यांचा करावा लागला.

आणखी दोन गोष्टी मनाला लागून आहेत. सासूबाईंची चार जुनी नऊवारी लुगडी एकावर एक घालून मी गोधडी शिवायला घेतली होती, पण सुई ओढताना बोटे दुखू लागतात म्हणून ती चार-पाच ओळींवर अडली आहे. शिवाय मशीनवर शिवताना हल्ली शिवणीच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो, आणि थंडीत मशीन सकाळी फार जड चालते. खोबरेल तेल घालून पाहिले, पण उपयोग झाला नाही.

सासूबाईंचे वय ८१ आहे. त्या पूर्वी भरपूर वाचत असत, आता त्यांना अक्षर दिसत नाही. मी पुस्तक घेऊन बसले की त्या शेजारी येऊन बसतात आणि मी काय वाचते आहे ते विचारतात. आपल्यापैकी जे हे दोन्ही छंद रोजच्या रोज जपतात, त्यांनी आपापली रीत सांगितली तर आभारी राहीन.

गोदाकाठ :

पंचगंगाताई, आपला प्रश्न वाचून माझीच दहा वर्षांपूर्वीची अवस्था आठवली. मी नाशिकची. आमचे सार्वजनिक वाचनालय, ज्याला आम्ही सगळे ‘सावाना’ म्हणतो, ते १८४० सालचे. दर आठवड्याला तिथे जाण्याचा परिपाठ मला शाळेपासूनचा आहे. शिवण मात्र मी चाळिशीनंतर शिकले.

माझ्या अनुभवात शिवण हे एकसंध काम नसून त्यात स्वभावाने वेगळी अशी तीन कामे असतात, आणि ती एकाच बैठकीत उरकण्याचा हट्ट धरला की वाचनाला वेळ उरत नाही. पहिले काम बेतण्याचे आणि कापण्याचे. तिथे कान, डोळे आणि हिशेब सगळे एकाच जागी लागते. आपल्या बाह्यांचे जे झाले ते कोणाचेही झाले असते, कारण कात्री एकदा फिरली की ती चूक उसवता येत नाही. हे काम मी फक्त रविवारी सकाळी करते, चांगल्या उजेडात, दोन-तीन वस्तूंचे एकदम. त्याआधी सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेते. मांजरपाटासारखे कोरे कापड न भिजवता शिवले तर पहिल्या धुण्यातच आटते आणि केलेले माप वाया जाते. कापून झाले की प्रत्येक वस्तूचे सगळे तुकडे, जुळता दोरा, बटणे आणि हूक एका जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून ठेवते. आमच्या घरी त्याला ‘गाठोडे’ हेच नाव पडले आहे.

दुसरे काम मशीनचे. आठवड्यात रात्री एक गाठोडे सोडायचे आणि घड्याळ लावून फक्त वीस मिनिटे टिपा मारायच्या. खांदे जोडले, उद्या बाह्या, असे ठरवून तेवढेच करायचे. मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही आणि ऐकूही नये. वीस मिनिटे झाली की मशीन बंद करून उरलेला वेळ पुस्तकाला द्यायचा.

तिसरे काम हातशिलाईचे, म्हणजे काज करणे, बटणे लावणे, घेराची पट्टी दुमडून टाके घालणे, साडीला फॉल लावणे. कादंबरी ऐकायची ती या वेळी. स्टोरीटेलसारख्या ॲपवर २०१७ पासून मराठी पुस्तके ऐकायला मिळू लागली आणि माझी हातशिलाईची टाळाटाळ तेव्हापासून संपली, कारण पुढचे प्रकरण ऐकण्यासाठी मला बटणे लावायची असतात.

सुरुवातीला एका रात्रीत पुरे होईल असे काहीतरी शिवावे असे मला वाटते, आणि आपल्यासारखीने पुस्तकासाठीच कापडी वेष्टण शिवावे. आपली बरीचशी पुस्तके डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतात. कणा इंचभर जाडीचा धरला तर १९ इंच लांब आणि पावणेदहा इंच उंच कापड घ्यावे. दोन्ही आखूड कडा अर्धा इंच दुमडून टीप मारावी. मग दोन्ही टोके तीन-तीन इंच आतल्या बाजूला, सुलट बाजूवर सुलट बाजू येईल अशी दुमडून, वर आणि खाली अर्ध्या इंचावर टीप मारून उलटावीत. मधला उघडा भागही त्याच रेषेत दुमडून शिवला की वेष्टण तयार होते. खणाचे कापड घेणार असाल तर त्याला सुती अस्तर जरूर लावा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण दिसायला फार देखणा असतो, पण कापताक्षणी त्याच्या कडेचे धागे सुटू लागतात आणि अर्ध्या इंचाची दुमड दोन महिन्यांत उसवते. माझे पहिले वेष्टण असेच गेले. त्यानंतर अस्तर लावून शिवलेले दुसरे आज चौथे वर्ष वापरते आहे.

उभा_धागा :

मी फक्त मशीनबद्दल लिहितो. माझ्या वडिलांचे शिलाईचे दुकान होते आणि मशीन खोलून साफ करणे हे माझे लहानपणापासूनचे काम.

गुंता खालच्या बाजूला दिसतो म्हणून सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात, पण बहुतेक वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा ज्या दोन चकत्यांमधून जातो, त्या त्याला ताण देतात. कापड दाबून धरणारा फूट खाली टेकवलेला असताना दोरा ओवला तर चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये न बसता वरून निसटून जातो, त्याला ताणच मिळत नाही आणि तो ढिला पडून खाली भेंडोळे होते. म्हणून दोरा पूर्ण काढा, फूट वर उचला, सुई सर्वांत वरच्या स्थितीत आणा आणि मग पहिल्यापासून ओवा. त्यानंतर फूट खाली करून दोरा हाताने ओढून पाहा. तो अडखळत, जोर लावल्यावर आला तर बरोबर बसला आहे असे समजा.

सुई बदलून किती दिवस झाले तेही आठवा. बारीक रुबियासाठी ११ नंबर, पॉपलिन आणि मांजरपाटासाठी १४, जीन्ससारख्या जाड कापडासाठी १६ नंबरची सुई लागते, आणि आठ-दहा तास शिवून झाले की ती बदलावी. हाताच्या सुईचे नेढे, म्हणजे दोरा ओवायचे भोक, मागच्या टोकाला असते, मशीनच्या सुईचे अणीजवळ असते. १८४६ साली एलियास हाउ यांना ज्या शिवणयंत्राचे पेटंट मिळाले, त्यातही नेढे अणीपाशीच होते. वरचा दोरा कापडातून खाली नेऊन तिथे त्याचा फास धरायचा आणि त्यातून खालचा दोरा ओवायचा, ही सगळी करामत त्या जागेवर अवलंबून आहे. अणी बोथट किंवा किंचित वाकडी झाली तर फास नीट पडत नाही आणि टाके सुटतात.

आता तेलाचे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते, त्यामुळे कोल्हापूरच्या थंडीत सकाळी ते मशीनच्या सांध्यांत मेणासारखे घट्ट बसते. आपले मशीन जड चालण्याचे कारण तेच असावे. सांध्यांत रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडा, दोरा न ओवता पाच मिनिटे मशीन चालवा, सुती फडक्याने निघेल तेवढे काळे पुसून घ्या, मग मशीनचे पातळ पांढरे तेल घाला आणि रात्रभर तसेच ठेवा. दुसऱ्या दिवशी आधी चिंधीवर शिवा, म्हणजे चांगल्या कापडाला डाग लागणार नाहीत. हे करताना खोलीत दिवा किंवा गॅस पेटलेला नको.

वाचनखूण :

गोदाकाठ यांची तीन कामांची विभागणी मला पटली, परंतु ऐकण्याला वाचनाची जागा द्यावी हे मला पटत नाही, आणि ते मी स्पष्टपणे लिहितो.

मी वाई तालुक्यातल्या एका लहान गावात ग्रंथालय चालवण्याच्या कामात बरीच वर्षे आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे अशा शेकडो लहान ग्रंथालयांना अनुदान मिळू लागले, त्यांपैकीच आमचे एक. खिडकीशी बसून वाचणारी माणसे मी रोज पाहतो. चांगला वाचक एखाद्या वाक्यापाशी थांबतो, दोन पाने मागे जातो, पुन्हा वाचतो, कधी पुस्तक मिटून नुसता बाहेर पाहत बसतो. शिवणात आपण चुकलेली टीप उसवून पुन्हा मारतो, तशीच ही वाचनातली उसवण आहे. हातात सुई असताना ऐकणारा मागे जात नाही, कारण त्यासाठी सुई टोचून ठेवून मोबाइल उचलावा लागतो. कथानक असलेली कादंबरी अशी ऐकून एक वेळ चालेल, पण कविता, ललित लेखन आणि विचारप्रधान पुस्तके डोळ्यांनीच आणि सावकाश वाचावीत.

म्हणून माझी सूचना वार वाटून घेण्याची आहे. आठवड्याचे चार दिवस केवळ वाचन, दोन दिवस केवळ शिवण आणि रविवार बेतण्याकापण्याला. ज्या दिवशी जे काम, त्या दिवशी दुसऱ्याची हुरहूर लागू नये यासाठी मशीन झाकून ठेवावे किंवा पुस्तक कपाटात ठेवावे. आणि वेळ अपुरा असेल तर पाचशे पानांची कादंबरी आणण्याऐवजी दिवाळी अंक आणावेत. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे एका बैठकीत पुऱ्या होणाऱ्या कथांचा आणि लेखांचा इतका मोठा साठा झाला आहे की तो वर्षभर पुरतो. अनेक ग्रंथालयांत ठरावीक शुल्क भरून त्या वर्षाचे बरेचसे अंक एकामागून एक घरी नेता येतात. एका रात्री एक कथा वाचून संपते आणि तारीख उलटण्याची काळजी राहत नाही.

दूरदेशी :

मी १४ वर्षे न्यू जर्सीत आहे. पुण्याहून परतताना २३ किलोंच्या बॅगेत काय भरायचे यावर दर खेपेला आमच्या घरी चर्चा होते, आणि माझ्या बॅगेत आईच्या जुन्या साड्या आणि मराठी पुस्तके यांखेरीज फारसे काही नसते. त्यामुळे आपला प्रश्न मला अगदी जवळचा वाटला.

आधी गोधडीबद्दल. चारही लुगडी एकाच गोधडीत घालू नका. नऊ वार म्हणजे २७ फूट, त्यामुळे एका लुगड्याची चौपदरी घडी घातली की सुमारे पावणेसात फूट लांबीचे चार थर होतात. चार लुगड्यांचे सोळा थर झाले. त्यांतून हाताची सुई जाणे कठीण, आणि गेली तरी टाका सारखा पडत नाही. दोन लुगड्यांचे आठ थर भरपूर उबदार होतात, म्हणजे आपल्याकडे दोन गोधड्यांचे कापड आहे. झालेल्या ओळी उसवताना वाईट वाटेल, तरी त्या उसवा. सगळ्यांत मऊ झालेला, विरलेला भाग आत जाऊ द्या आणि काठ-पदर वरच्या बाजूला येतील असे बघा. जमिनीवर चटई अंथरून थर पसरा, हाताने सुरकुत्या काढा आणि वीतभर अंतरावर लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र बांधून घ्या. मग कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन असे आत आत मध्यापर्यंत या. दोन ओळींमध्ये दोन बोटांचे अंतर ठेवा. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, घातले की दुखणे बरेच कमी होते.

इथे माझ्या शेजारणी त्यांच्या पद्धतीची गोधडी, म्हणजे क्विल्ट, शिवतात तेव्हा वर नवे तुकडे जोडलेले कापड, मध्ये विकत आणलेला कापसाचा थर आणि खाली अस्तर असे तीन पदर असतात. त्यांना मी आमच्या गोधडीत आतही साडीच असते हे सांगितले, तेव्हा त्यांनी गोधडी हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहिली. विरलेल्या वरच्या थरातून आतल्या साडीचा हिरवा रंग दिसत होता.

आता वाचनाबद्दल. वाचनखूण यांचे म्हणणे कवितेपुरते मला मान्य आहे. पण आपल्याकडे ऐकण्याची परंपरा मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे. माझ्या आजोळी, बारामतीजवळच्या एका खेड्यात, श्रावणात दुपारी सोप्यावर पोथी लागत असे. एक बाई वाचायची, बाकीच्या वाती वळायच्या, धान्य निवडायच्या, आणि एका कोपऱ्यात गोधडी पसरलेली असायची तिच्या चारी कडांना चौघीजणी बसायच्या. वाचणारीचा घसा बसला की ती उठून सुई घ्यायची आणि सुईवाली पोथी घ्यायची. कथेत अवघड प्रसंग आला की सगळ्यांच्या सुया थांबायच्या, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या बायका मागेही जात असत, कारण समोर जिवंत माणूस वाचत होते आणि ‘ते पुन्हा वाच गं’ असे तिला म्हणता येत होते.

पंचगंगाताई, आपण शेवटी जे लिहिले आहे, की सासूबाई शेजारी येऊन बसतात आणि काय वाचते आहेस म्हणून विचारतात, ते वाचून मी बराच वेळ थांबले. त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. घरात आणखी कोणी वाचणारे असेल तर त्यांनी वाचावे आणि आपण गोधडी घ्यावी.

पंचगंगा :

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

मशीनचे काम सर्वांत आधी झाले. फूट वर करून दोरा ओवला आणि गुंता पहिल्याच टिपेपासून थांबला. खोबरेल तेल काढायला मात्र दोन वेळा रॉकेल घालावे लागले, आणि फडक्यावर जे निघाले ते पाहून मशीन एवढे दिवस कसे चालले याचे नवल वाटले. बेतण्याचे काम रविवारी सकाळी नेले आहे. दोन गाठोडी बांधून झाली आहेत आणि पुस्तकाचे वेष्टणही शिवले आहे, निळ्या खणाचे, अस्तर लावून.

गोधडीच्या ओळी उसवल्या. लुगडी वेगळी करताना सासूबाईंना हाताशी घेतले. रंग त्यांना नीट दिसत नाही, पण काठावरून बोट फिरवून त्यांनी चारही ओळखली. हे इरकलीचे म्हणजे थोरल्या जाऊबाईंच्या मुलीच्या लग्नातले, हे रोजच्या वापरातले, असे त्या सांगत गेल्या. कोणती दोन एका गोधडीत घालायची तेही त्यांनीच ठरवले. आता जेवणे झाली की माझे यजमान पुस्तक घेऊन बसतात, सासूबाई मधोमध, आणि मी गोधडीची कड मांडीवर घेते. पहिल्या दिवशी यजमान भरभर वाचत होते, तेव्हा सासूबाईंनी त्यांना शाळेतल्या मुलासारखे दोनदा थांबवून तोच परिच्छेद वाचायला लावला. मधूनमधून त्या माझ्या ओळीवरून बोट फिरवतात, आणि टाके लांब पडले असतील तर लगेच सांगतात. त्यांचा अंदाज आतापर्यंत एकदाही चुकलेला नाही. कादंबरीची १४० पाने आणि गोधडीचे सात चौकोन झाले आहेत.

वाचनखूण यांचेही ऐकले आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी मशीन झाकलेले असते आणि मी एकटी, मनातल्या मनात, कवितेचे पुस्तक वाचते.

एक विचारायचे राहिले. गोधडी साडेसहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद भरते आहे. सभोवती गडद तांबडी पॉपलिनची पट्टी लावायचा विचार आहे. ती उरेब, म्हणजे तिरकी, कापावी की सरळ, आणि कापड किती आणावे?

उभा_धागा :

कोपरे गोल नसतील तर सरळच कापा. उरेब पट्टी वळणावर बसण्यासाठी लागते, सरळ कडेवर ती ताणली जाऊन कड लाटेसारखी दिसेल. परिघ साडेवीस फूट, म्हणजे २४६ इंच होतो. ३६ इंच पन्ह्याच्या कापडातून तीन इंच रुंदीच्या आठ पट्ट्या निघाल्या की जोडांसह पुरतात, म्हणून पाऊण मीटर आणा. तांबडा रंग सुटतो, तेव्हा कापण्याआधी ते कापड मिठाच्या पाण्यात भिजवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा धुऊन घ्या.